केर कृष्णविवराची छुपी सममिती : कार्टर स्थिरांक कसा काढावा, कसा तपासावा

फिरणाऱ्या, म्हणजे केर, कृष्णविवराभोवती मोकळा फिरणारा कण चार राशी सांभाळून ठेवतो. त्यातल्या तीन बहुतेकांना जमतात. चौथ्या राशीला, म्हणजे कार्टर स्थिरांकाला, हात घातला की गाडी अडते. सूत्र पुस्तकातून बरोबर उतरवलेले असते, तरी उत्तर चुकते, आणि चुकले आहे हे कळतही नाही. विद्यार्थ्यांच्या वह्या आणि प्रोग्रॅम तपासताना मला त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. गणित कच्चे असल्यामुळे होणाऱ्या चुका त्यात थोड्याच. बहुतेक चुका क्रमाच्या असतात. चिन्हांचा संकेत नंतर ठरतो, वरचे आणि खालचे घटक मिसळतात, आणि तपासणी नेमकी अशा राशीची होते जी चुकूच शकत नाही.

म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे. मेट्रिक म्हणजे काय, जिओडेसिक म्हणजे काय आणि हॅमिल्टनची समीकरणे कशी लिहितात एवढे येत असेल तर पुरे. कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. सहाव्या टप्प्यातले आकडे स्वतः करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## तयारी : चिन्हे एकदाच ठरवा, मग बदलू नका

प्रकाशाचा वेग आणि गुरुत्वस्थिरांक दोन्ही १ धरू. मेट्रिकची चिन्हे उणे, अधिक, अधिक, अधिक. निर्देशांक बॉयर–लिंडक्विस्ट पद्धतीचे : काळ ट, त्रिज्या र, ध्रुवापासूनचा कोन थ (थीटा), अक्षाभोवतीचा कोन फ (फाय). बाकीची चिन्हे अशी :

- म : कृष्णविवराचे वस्तुमान
- अ : कृष्णविवराचा कोनीय संवेग भागिले म
- मु : कणाचे वस्तुमान (पदार्थकणासाठी १, फोटॉनसाठी ०)
- प(ट), प(र), प(थ), प(फ) : संवेगाचे खालचे घटक
- डे = र² − २·म·र + अ²
- सि = र² + अ²·कॉस²थ

हा संकेत धरला की ऊर्जा ऊ = −प(ट) आणि अक्षाभोवतीचा कोनीय संवेग ल = प(फ). वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून चौकट करा. ऊर्जेतले ते उणे चिन्ह विसरलात तर काय होते ते सहाव्या टप्प्यात आकड्यांनिशी दाखवतो.

मेट्रिक लांबलचक लिहून त्याचा व्यस्त काढत बसू नका. त्यात अर्धा दिवस जातो आणि हमखास एखादे चिन्ह निसटते. संवेगाच्या वर्गाचे हे रूप घेऊनच सुरुवात करा :

सि × (संवेगाचा वर्ग) = डे·प(र)² + प(थ)² + (ल/साइन थ − अ·ऊ·साइन थ)² − [ऊ·(र² + अ²) − अ·ल]²/डे

संवेगाचा वर्ग म्हणजे −मु². पुढचे जवळजवळ सगळे काम याच एका ओळीतून निघते.

तपासा : अ = ० ठेवा. श्वार्झशिल्डचे, म्हणजे न फिरणाऱ्या कृष्णविवराचे, ओळखीचे रूप मिळायला हवे : डे·प(र)² + प(थ)² + ल²/साइन²थ − ऊ²·र⁴/डे. ते मिळाले नाही तर ओळ उतरवतानाच चूक झाली आहे.

## टप्पा १ : उघड सममिती आधी उचला

मेट्रिकच्या घटकांत ट नाही आणि फ नाही, हे बघितल्याबरोबर दोन अक्षय राशी हाती येतात. कारण एका नियमात आहे :

संवेगाच्या खालच्या घटकाचा बदलाचा दर = ½ × (मेट्रिकच्या घटकांचे त्याच निर्देशांकानुसार आंशिक विकलज) × वेग × वेग

ज्या निर्देशांकावर मेट्रिक अवलंबून नाही, त्या निर्देशांकाचा खालचा संवेग-घटक बदलत नाही. म्हणून ऊ आणि ल स्थिर. संवेगाचा वर्ग तर कोणत्याही जिओडेसिकवर स्थिरच असतो. तीन राशी झाल्या.

या सममितींना किलिंग सदिश म्हणतात. चार मितींत किलिंग समीकरणे १० असतात आणि सदिशही जास्तीत जास्त १०. सपाट अवकाशकालाला पूर्ण १० मिळतात, श्वार्झशिल्डला ४, केरला फक्त २. हे आकडे पाठ असू द्या. केरसाठी कुणी तिसरा किलिंग सदिश काढून दाखवला तर गणित पुन्हा तपासायला घ्या.

इशारा : श्वार्झशिल्डच्या मेट्रिकमध्ये थ दिसतो. त्यावरून «फ सोडून बाकीची फिरण्याची सममिती छुपी आहे» असे समजू नका. ती सममिती पूर्णपणे उघड आहे, फक्त आपण निवडलेल्या कोनांमुळे नजरेला पडत नाही. निर्देशांकांनी झाकलेली सममिती आणि छुपी सममिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा घोटाळा इथेच मिटवा, नाहीतर तिसरा टप्पा समजणार नाही.

## टप्पा २ : खालचे घटक खाली, वरचे वर

सगळ्यात जास्त वह्या इथे चुकतात. शाळेपासून आपल्या हाताला सवय असते : कोनीय संवेग म्हणजे र² गुणिले कोनीय वेग, आणि ऊर्जेचा संबंध काळाच्या दराशी. केरमध्ये हे दोन्ही मोडते, कारण मेट्रिकमध्ये ट आणि फ यांची जोडी असलेला घटक असतो.

एक उदाहरण पूर्ण लेखभर चालवू. म = १, अ = ०.८, मु = १. कण र = १० वर, विषुववृत्तीय प्रतलात (थ = ९०°), आणि ऊ = ०.९६, ल = २.५.

या बिंदूवर डे = ८०.६४ आणि सि = १००. व्यस्त मेट्रिकचे लागणारे घटक असे येतात : ट-ट घटक −१.२४९६, ट-फ घटक −०.००१९८४, फ-फ घटक ०.००९९२१. त्यांनी संवेग वर उचलला की

- कणाच्या घड्याळाच्या एका एककात ट १.१९४७ ने वाढतो. ऊर्जा मात्र ०.९६ आहे.
- फ-चा दर ०.०२६७१ येतो. त्याला र² = १०० ने गुणले तर २.६७१. ल मात्र २.५ आहे.

२.६७१ आणि २.५ मधला फरक साधारण सात टक्के आहे. कृष्णविवर फिरताना भोवतालचा अवकाशकाल ओढून नेते, त्याचा हा हिशेब. ल = ० ठेवला तरी फ-चा दर शून्य येत नाही, हेही करून बघा.

तपासा : तुमच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीच्या अटी वेगाने दिल्या आहेत की संवेगाने? वेगाने दिल्या असतील तर मेट्रिकने खाली उतरवून मगच ऊ आणि ल काढा. शॉर्टकट घेऊ नका.

## टप्पा ३ : नक्की काय शोधायचे ते ठरवा

थ आणि र दोन्ही मेट्रिकमध्ये आहेत, तेव्हा त्यांच्या बाजूने उघड सममिती मिळणार नाही. आता शोध निर्देशांकांत करायचा नाही, संवेगांत करायचा. छुपी सममिती ही अवकाशकालाला हलवून जागच्या जागी आणणारी क्रिया नसते. स्थान आणि संवेग एकत्र धरले की जो मोठा पट तयार होतो, त्यावरची ती सममिती असते. म्हणून तिची अक्षय राशी संवेगाच्या वर्गात येते.

गणिताच्या भाषेत : दोन निर्देशकांचा सममित टेन्सर हवा, ज्याचे सहपरिवर्ती विकलज तिन्ही निर्देशकांत सममित केले की शून्य होते. त्याला किलिंग टेन्सर म्हणतात. तो संवेगाशी दोनदा जोडला की मिळणारी संख्या जिओडेसिकवर बदलत नाही.

शोध सुरू करण्याआधी फुकटात मिळणारे किलिंग टेन्सर यादीतून काढून टाका :

- मेट्रिक स्वतः (त्याची अक्षय राशी म्हणजे −मु², ती आपल्याकडे आहेच)
- किलिंग सदिशांचे गुणाकार : ऊ², ऊ·ल, ल²
- यांची स्थिर गुणकांनी केलेली कोणतीही बेरीज

यापलीकडचे काही मिळाले तरच ते नवे.

केप्लरच्या प्रश्नाशी तुलना करताना इथे एक चूक नेहमी होते. न्यूटनच्या गुरुत्वात ग्रहाची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःवर बंद होते, कारण तिथे लाप्लास–रुंगे–लेन्झ सदिश अक्षय असतो. तीही छुपी सममितीच. पण व्यापक सापेक्षतेत ती मोडते. बुधाच्या कक्षेचे शतकाला ४३ कोनीय सेकंदांचे जादा सरकणे म्हणजे तो सदिश अक्षय न राहिल्याचा पुरावा. कार्टर स्थिरांक हा त्या सदिशाचा वारस नाही. तो एकूण कोनीय संवेगाच्या वर्गाच्या जागी उभा असतो. न्यूटनच्या जगात त्याचा खरा नातेवाईक शोधायचा असेल तर दोन स्थिर आकर्षणकेंद्रांच्या ऑयलरच्या प्रश्नातला तिसरा स्थिरांक बघा.

## टप्पा ४ : र आणि थ वेगळे करा

किलिंग टेन्सरचे समीकरण चार मितींत २० घटकांचे असते. ते थेट सोडवायला बसू नका. ब्रँडन कार्टर यांनी १९६८ मध्ये जी वाट काढली, तीच धरा : तयारीतली ती एक ओळ घ्या, आणि र-चे सगळे एका बाजूला, थ-चे सगळे दुसऱ्या बाजूला न्या.

१. ओळीच्या डावीकडे −मु²·सि लिहा. सि फोडा : −मु²·र² − मु²·अ²·कॉस²थ.

२. थ असलेली प्रत्येक गोष्ट डावीकडे, र असलेली उजवीकडे :

प(थ)² + (ल/साइन थ − अ·ऊ·साइन थ)² + मु²·अ²·कॉस²थ = [ऊ·(र² + अ²) − अ·ल]²/डे − डे·प(र)² − मु²·र²

३. डावी बाजू फक्त थ आणि प(थ) वर अवलंबून. उजवी फक्त र आणि प(र) वर. कण फिरताना र आणि थ आपापल्या चालीने बदलतात, तरी दोन्ही बाजू कायम समान राहतात. हॅमिल्टन–याकोबीच्या समीकरणात हे विभाजन झाले की दोन्ही बाजू एकाच स्थिरांकाइतक्या असाव्या लागतात. त्या स्थिरांकाला ख म्हणू.

४. ख मधून (ल − अ·ऊ)² वजा करा. उरते ते क, म्हणजे नेहमीच्या रूपातला कार्टर स्थिरांक :

क = प(थ)² + कॉस²थ·[अ²·(मु² − ऊ²) + ल²/साइन²थ]

इशारा : ख आणि क हे दोन्ही «कार्टर स्थिरांक» याच नावाने फिरतात. दोघांत (ल − अ·ऊ)² चा फरक आहे. एका पुस्तकातून र-चे सूत्र आणि दुसऱ्यातून थ-चे सूत्र घेतले की हाच फरक मधे सांडतो. वहीत दोघांना वेगळी अक्षरे द्या.

तपासा : कण विषुववृत्तीय प्रतलातच राहत असेल तर प(थ) = ० आणि कॉस थ = ०, म्हणून क = ० यायलाच हवा. ख मात्र सहसा शून्य नसतो. आणि अ = ० ठेवल्यावर क + ल² = प(थ)² + ल²/साइन²थ, म्हणजे एकूण कोनीय संवेगाचा वर्ग.

वरची तिसरी पायरी बॉयर–लिंडक्विस्ट निर्देशांकांतच एवढी सरळ होते. केर–शिल्डच्या कार्टेशियन निर्देशांकांत विभाजन दिसत नाही. म्हणून तिथे क नसतो असे नव्हे. टेन्सर तोच असतो, फक्त त्याचे घटक ओळखू येत नाहीत. तुमचा कोड त्या निर्देशांकांत असेल तर क काढण्यापुरते तरी इकडे या.

## टप्पा ५ : राशी खरोखर नवी आहे याची खात्री

ही पायरी लोक सोडून देतात. सोडू नका, दोन मिनिटांचे काम आहे.

टप्पा ३ मधल्या फुकटच्या यादीत प(र) आणि प(थ) फक्त मेट्रिकमधून येतात, आणि तेही एकत्रच : (डे·प(र)² + प(थ)²)/सि. स्थिर गुणकांनी कितीही बेरजा केल्या तरी प(थ)² एकटा सुटा होत नाही. क मध्ये तो एकटा आहे. म्हणजे क जुन्या राशींपासून बनलेला नाही.

श्वार्झशिल्डमध्ये परिस्थिती वेगळी असते. तिथे तीन फिरण्यांच्या किलिंग सदिशांचे वर्ग बेरजेला घेतले की प(थ)² + ल²/साइन²थ तयार होते. तिथला किलिंग टेन्सर त्यामुळे नवा नाही. केरमध्ये फिरण्याची एकच सममिती उरते, तरी हा टेन्सर टिकून राहतो, आणि म्हणूनच तो छुप्या सममितीचा ठरतो.

आता पॉइसन कंसाने तपासायचे असेल तर एक सापळा सांभाळा. क च्या सूत्रात मु² आहे. त्याच्या जागी नुसता १ ठेवून हॅमिल्टोनियनशी पॉइसन कंस काढलात तर तो शून्य येणार नाही, फक्त योग्य वस्तुमानाच्या जिओडेसिकवर शून्य होईल. मग माणूस रात्रभर चूक शोधत बसतो. मु² च्या जागी संवेगाच्या वर्गाचे पूर्ण रूप (उणे चिन्हासह) घाला. मग क सगळीकडे संवेगांत वर्गीय होतो, आणि कंस नेमका शून्य येतो. किलिंग टेन्सरचे घटक वाचायचे तेही याच रूपातून.

ज्यांना याहून खोल जायचे आहे त्यांच्यासाठी : हा टेन्सर एका प्रतिसममित टेन्सरचा «वर्ग» आहे. त्याला किलिंग–यानो टेन्सर म्हणतात. स्पिन असलेल्या कणांची समीकरणे लिहिताना तोच उपयोगी पडतो. साध्या जिओडेसिकसाठी त्याची गरज नाही, म्हणून इथे थांबतो.

## टप्पा ६ : आकडे घालून बघा

टप्पा २ मधलाच कण घ्या. र = १०, थ = ९०°, ऊ = ०.९६, ल = २.५. आता प(थ) = २.५ द्या.

१. कॉस थ = ०, म्हणून क = २.५² = ६.२५.

२. ल − अ·ऊ = २.५ − ०.७६८ = १.७३२. वर्ग ३.०००. म्हणून ख = ९.२५०.

३. ऊ·(र² + अ²) − अ·ल = ९६.६१४४ − २ = ९४.६१४४. वर्ग ८९५१.८८.

४. डे·(मु²·र² + ख) = ८०.६४ × १०९.२५० = ८८०९.९१.

५. वजाबाकी १४१.९८. ही धन आली, म्हणजे कण इथे असू शकतो. प(र) = √१४१.९८ ÷ ८०.६४ = ०.१४७८.

पाचव्या पायरीत ऋण संख्या आली तर थांबा. सुरुवातीच्या अटीच अशक्य आहेत. ऊ = ०.९५ घेऊन बघा : तीच वजाबाकी साधारण −५० येते. असल्या अटींवर प्रोग्रॅम चालवला की वर्गमुळाखाली ऋण संख्या जाते आणि दोष कोडवर येतो.

६. र-ची मर्यादा : पायरी ३ आणि ४ मधली वजाबाकी र-चे बहुपद म्हणून लिहा आणि तिची शून्ये शोधा. कण र = ६.७० आणि र = १६.८१ यांच्यामध्ये येरझारा घालतो.

७. थ-ची मर्यादा : प(थ) = ० ठेवा आणि कॉस²थ साठी वर्गसमीकरण सोडवा. कॉस²थ = ०.४९९०, म्हणून थ ४५.०६° ते १३४.९४° यांच्यामध्ये.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. समजा क च्या ऐवजी सवयीने एकूण कोनीय संवेगाचा वर्ग, म्हणजे प(थ)² + ल²/साइन²थ, हाच अक्षय धरला. विषुववृत्तावर तो ६.२५ + ६.२५ = १२.५ येतो. थ-च्या टोकाला प(थ) = ०, आणि ६.२५ ÷ ०.५०१० = १२.४७५. फरक फक्त ०.२ टक्के.

एका विद्यार्थ्याच्या आलेखावर ही रेघ मी स्वतः पाहिली आहे. जवळजवळ आडवी, वर बारीक लाटा. «राउंडिंगमुळे असेल» असे म्हणून तो पुढे गेला होता, आणि मीही पहिल्या नजरेत ते मान्य केले होते. राउंडिंग एवढे मोठे नसते आणि कक्षेच्या तालावर हलतही नाही. ती लाट म्हणजे कार्टर स्थिरांकातले अ²·(मु² − ऊ²)·कॉस²थ हे पद होते, जे त्याने लिहिलेच नव्हते.

आणि तयारीत सांगितलेले उणे चिन्ह. प(ट) = −०.९६ ऐवजी +०.९६ घातले तर पायरी ५ ची वजाबाकी २९५.६ येते. धन संख्या, प्रोग्रॅम तक्रार न करता चालतो, कक्षा सुंदर दिसते. फक्त ती कृष्णविवराच्या फिरण्याच्या उलट दिशेने जाणाऱ्या कणाची कक्षा असते. ही चूक कोणतीही अक्षय राशी पकडू शकत नाही, कारण त्या चुकीच्या कक्षेवरही सगळ्या राशी व्यवस्थित अक्षय असतात. सुरुवातीलाच ट-चा दर धन येतो का ते पाहा. तोच एक उपाय.

## टप्पा ७ : प्रोग्रॅममध्ये घालताना

वर्गमुळाची वाट टाळा. र-चा दर वर्गमुळातून काढला की प्रत्येक वळणबिंदूवर चिन्ह हाताने उलटावे लागते, आणि नेमके तिथे संख्या शून्याच्या आसपास असते. त्याऐवजी कणाच्या काळाला सि ने भागून नवा काळ घ्या (याला मिनो काळ म्हणतात). या काळात र आणि थ यांची समीकरणे एकमेकांपासून पूर्ण सुटी होतात. र-च्या दराचा वर्ग म्हणजे टप्पा ६ मधले बहुपद. त्याचे एकदा विकलज घेतले की र-चे त्वरण = त्या बहुपदाच्या विकलजाच्या निम्मे. वर्गमूळ गेले, चिन्हाचा प्रश्न गेला. थ-साठीही तसेच.

जे हाताने घातले त्याची तपासणी करू नका. प(ट) आणि प(फ) प्रोग्रॅममध्ये स्थिरांक म्हणूनच दिले असतील तर ऊ आणि ल ची सरळ रेघ काहीच सिद्ध करत नाही. वेगळ्या केलेल्या समीकरणांत क सुद्धा हातानेच घातलेला असतो. खरी तपासणी हवी तर एकदा मूळ हॅमिल्टनची समीकरणे, र आणि थ वेगळे न करता, चालवा. त्यात संवेगाचा वर्ग आणि क प्रत्येक पावलाला नव्याने मोजा. या दोन राशी कोणी घातलेल्या नसतात. त्या टिकल्या तर समीकरणे बरोबर आहेत.

पाऊल निम्मे करा. चौथ्या क्रमाची रुंगे–कुट्टा पद्धत वापरत असाल तर पाऊल निम्मे केल्यावर क मधली घसरण साधारण १६ पटींनी किंवा त्याहून जास्त कमी व्हायला हवी. कमी झाली तर ती संख्यात्मक चूक होती. अजिबात हलली नाही तर सूत्र चुकले आहे. वरच्या उदाहरणातले १२.४७५ पाऊल कितीही बारीक केले तरी १२.४७५ च राहते.

ध्रुवाजवळ सावध. ल शून्य नसेल तर कण अक्षापर्यंत पोचूच शकत नाही. पोचला तर चूक तुमची. ल = ० असेल तर तो अक्षावरून जाऊ शकतो, आणि तिथे ल/साइन थ हे ०/० होते. अशा कक्षेसाठी ते पद कोडमधून आधीच काढून टाका.

तपासा : अ = ०, र = ६, ऊ = √(८/९) = ०.९४२८, ल = √१२ = ३.४६४, प(थ) = ०. कण र = ६ वर गोल फिरत राहायला हवा. ही श्वार्झशिल्डची सर्वांत आतली स्थिर वर्तुळाकार कक्षा. तुमचा कण सरकायला लागला तर आधी हे दुरुस्त करा, केर नंतर.

तपासा : ऊ ची किंमत मु पेक्षा कमी असेल, म्हणजे कण बांधलेला असेल, तर क ऋण येऊ शकत नाही. सूत्रातली दोन्ही पदे धन आहेत. ऋण आला तर टप्पा ४ कडे परत.

## टप्पा ८ : हे कुठे लावायचे नाही

फोटॉनसाठी मु = ० ठेवा, बाकी सगळे तसेच. ऊ ची किंमत तिथे निव्वळ मोजपट्टीची असते. कक्षा ठरते ती ल/ऊ आणि क/ऊ² या दोनच संख्यांनी.

दोन सारख्या वस्तुमानांच्या कृष्णविवरांच्या टकरीला क लावू नका. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे, म्हणून मराठी विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. जमिनीवरच्या अशा वेधशाळा मुख्यतः तुल्यबळ वस्तूंच्या टकरी टिपतात. तिथे दुसरी वस्तू निव्वळ कण नसते, आणि पार्श्वभूमी केरची राहत नाही. महाकाय कृष्णविवरात लहान वस्तू गोल गोल फिरत हळूहळू पडते, तेव्हा मात्र ऊ, ल आणि क हे तिन्ही अत्यंत सावकाश बदलतात आणि कक्षेचे वर्णन त्यांच्यातच करतात.

प्रसरण पावणाऱ्या विश्वात काळाच्या दिशेने किलिंग सदिश नसतो. तिथे फोटॉनची ऊर्जा कमी होते आणि लोक विचारतात की ती गेली कुठे. ज्या अक्षय राशीच्या जोरावर हा प्रश्न उभा राहतो, ती राशीच तिथे नसते. तिथे एक अनुरूप (कॉन्फॉर्मल) किलिंग सदिश असतो, आणि त्यामुळे फोटॉनपुरती एक राशी टिकते : वारंवारता गुणिले विश्वाचा प्रमाणगुणक. ऊर्जा-संवेग टेन्सरचे अपसरण शून्य आहे एवढ्यावरून एकूण ऊर्जा अक्षय आहे असा निष्कर्ष काढू नका. त्यासाठी किलिंग सदिश हातात असावा लागतो.

शेवटचा सराव, करून पाहण्यासारखा. प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश टाकणाऱ्या ताऱ्याच्या बाहेरचे मेट्रिक दिले. त्यात श्वार्झशिल्डचेच रूप असते, पण वस्तुमान स्थिर नसून विलंबित काळानुसार घटत जाते. टप्पा १ मधला नियम त्याला लावा. मेट्रिकचा काळ-काळ घटक −(१ − २·म/र) आहे, म्हणून

प(काळ) च्या बदलाचा दर = (म च्या बदलाचा दर ÷ र) × (काळाच्या दराचा वर्ग)

म घटतो आहे, म्हणून उजवी बाजू ऋण. ऊर्जा म्हणजे −प(काळ), तेव्हा बाहेरून जाणाऱ्या कणाची ऊ वाढत जाते. एकूण कोनीय संवेगाचा वर्ग मात्र जसाच्या तसा राहतो, कारण गोलीय सममितीला काही झालेले नाही. तुमच्या प्रोग्रॅममध्ये हे मेट्रिक घाला. ऊ या दराने बदलली आणि कोनीय संवेग शेवटच्या दशांशापर्यंत टिकला, तर खालच्या-वरच्या घटकांचा घोटाळा तुमच्या कोडमध्ये उरलेला नाही.